इजएटीटीवाय हो म्हणतं, टीटीवायनेम नल देतं: एफडीवरून टर्मिनलचं नाव काढायचं कसं?

कळफलक

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर चालणारी सी मधली एक छोटी युटिलिटी आहे. कमांड कोणी, कधी आणि कोणत्या टर्मिनलवरून चालवली एवढंच ती लॉगमध्ये नोंदवते. टर्मिनलसाठी सरळ मार्ग घेतला आहे (एफडी म्हणजे उघडलेल्या फाइलचा क्रमांक, ० म्हणजे स्टँडर्ड इनपुट): एफडी टर्मिनल आहे का हे सांगणाऱ्या इजएटीटीवाय(०) ने १ दिलं की त्याचं नाव देणारं टीटीवायनेम(०) बोलवायचं आणि मिळालेली स्ट्रिंग लॉगमध्ये टाकायची. नेहमीच्या मशीनवर /डेव्ह/पीटीएस/३ असं व्यवस्थित येतं. तीच बायनरी होस्टवरून एनएसएंटर या कमांडने कंटेनरच्या माउंट नेमस्पेसमध्ये (म्हणजे त्याला दिसणाऱ्या फाइलसिस्टीमच्या वेगळ्या झाडात) नेऊन चालवली, की इजएटीटीवाय १ देतं पण टीटीवायनेम नल. कीबोर्ड चालतो, रंग दिसतात, कंट्रोल-सी लागतं. टर्मिनल समोर आहे, फक्त त्याला नाव नाही.

प्रश्न असे: हे होतं कसं? /प्रॉक/सेल्फ/एफडी/० ची लिंक (कर्नल एफडीमागचा पाथ इथे दाखवतो) थेट वाचून नाव घेतलं तर चालेल का? आणि स्टँडर्ड इनपुट पाइपला जोडलेलं असेल तर कुठल्या एफडीला विचारायचं?

अर्धविराम

बारसं न झालेलं बाळ आहे ते, बाळ नाही असं कोण म्हणेल! :)

आधी नल आल्यावर लगेच एरनो (शेवटच्या एररचा क्रमांक) छापा. ईबॅडएफ असेल तर एफडीच बंद आहे. ईनॉटीटीवाय असेल तर ते टर्मिनल नाही. तुमच्याकडे ईनोडेव्ह येत असणार. त्याचा अर्थ "हे स्यूडो टर्मिनल (सॉफ्टवेअरने चालवलेलं टर्मिनल) आहे, पण त्याच्याकडे नेणारा पाथ मला इथून सापडला नाही". तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि लॉगमध्येही त्या वेगळ्याच दिसायला हव्यात.

कळफलक

@अर्धविराम, हो, ईनोडेव्हच आहे.

गाभारा

मग कारण स्पष्ट आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण आतलं काम माहीत असलं की पुढचे दोन्ही प्रश्न आपोआप सुटतात.

कर्नलला "या एफडीचं टर्मिनल नाव काय" असं विचारणारा एकच एक सिस्टीम कॉल लिनक्समध्ये नाही. जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीचं टीटीवायनेम नाव शोधून काढतं. पहिल्यांदा ते टर्मिनल आहे का ते पाहतं. मग एफडीवर एफस्टॅट करतं (फाइलची माहिती घेतं; स्टॅट हेच काम पाथवर करतं). मग /प्रॉक/सेल्फ/एफडी/एन ही लिंक वाचतं आणि जो पाथ मिळेल त्यावर स्टॅट करतं. आता दोन्ही नोंदी जुळवायच्या: पाथवर कॅरेक्टर डिव्हाइस हवं, एसटी_आयनो (आयनोड, म्हणजे फाइलसिस्टीममधला क्रमांक) तोच हवा, एसटी_डेव्ह (ती फाइल कोणत्या फाइलसिस्टीमवर आहे) तोच हवा आणि एसटी_आरडेव्हही (डिव्हाइसचा स्वतःचा मेजर-मायनर क्रमांक) तोच हवा. सगळं जुळलं तरच नाव परत मिळतं. नाही जुळलं तर ते /डेव्ह/पीटीएस आणि मग /डेव्ह या डिरेक्टऱ्या चाळतं. त्या शोधात स्टडइन, स्टडआउट, स्टडएर या सिमलिंक मुद्दाम वगळल्या जातात, नाहीतर टर्मिनलचं नाव म्हणून /डेव्ह/स्टडइन हाती आलं असतं. एवढं करूनही नाही सापडलं आणि डिव्हाइस स्यूडो टर्मिनल असेल, तर ईनोडेव्ह.

आता एसटी_डेव्ह इतका महत्त्वाचा का ते बघा. लिनक्स ४.७ पासून डेव्हपीटीएसचं (/डेव्ह/पीटीएस पुरवणाऱ्या फाइलसिस्टीमचं) प्रत्येक माउंट स्वतंत्र असतं. होस्टचं पीटीएस/० वेगळं, कंटेनरचं पीटीएस/० वेगळं. पण दोघांचाही मेजर १३६, मायनर ०. आयनोडसुद्धा सारखाच, कारण डेव्हपीटीएस आयनोड क्रमांक देताना टर्मिनलच्या क्रमांकात ३ मिळवतं (१ हा रूट डिरेक्टरीचा, २ हा पीटीएमएक्सचा, म्हणजे नवं स्यूडो टर्मिनल मागायच्या डिव्हाइसचा). म्हणजे पीटीएस/० चा आयनोड दोन्हीकडे ३, पीटीएस/५ चा दोन्हीकडे ८. खात्री करायची तर एलएस -एलआय /डेव्ह/पीटीएस करून बघा. मेजर, मायनर, आयनोड, नाव, चारही सारखे आणि तरी टर्मिनल दोन! फरक सांगणारा एकटा एसटी_डेव्ह उरतो.

एनएसएंटरने तुम्ही होस्टच्या टर्मिनलची एफडी घेऊन कंटेनरमध्ये गेलात. तिथल्या /डेव्ह/पीटीएस मध्ये ते टर्मिनल नाहीच. तेव्हा ईनोडेव्ह हे खरं उत्तर आहे, त्याला बिघाड समजू नका.

जोडतार

माझं मत वेगळं आहे. लॉगसाठीच हवं असेल तर एवढी जुळवाजुळव कशाला? रीडलिंक करा (लिंकमधला पाथ वाचा), जे येईल ते लिहा. माणसाला वाचायला पुरेसं आहे आणि एनएसएंटरमध्येही /डेव्ह/पीटीएस/३ असं काहीतरी मिळतं.

गाभारा

@जोडतार, मिळतं, हीच तर अडचण आहे. ते नाव होस्टच्या हिशेबाने असतं. कंटेनरमध्येही त्याच वेळी एक पीटीएस/३ उघडं असू शकतं, ते दुसऱ्याच कुणाचं. लॉग वाचणारा ते कंटेनरचं समजणार. कोणी ती स्ट्रिंग घेऊन ओपन केलं तर अक्षरं भलत्याच्या स्क्रीनवर जातील. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा नाव न लिहिणं बरं.

शिवाय रीडलिंकचे स्वतःचे काटे आहेत. ते शेवटी शून्य बाइट घालत नाही. परत आलेली लांबी घेऊन तो तुम्हालाच घालावा लागतो, म्हणून साइझऑफ वजा १ एवढीच जागा त्याला द्यायची. एफडी टर्मिनल नसेल तर "पाइप:" किंवा "सॉकेट:" आणि पुढे चौकटी कंसात आकडा असं येतं. मास्टर बाजू (टर्मिनल चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातातलं टोक; दुसरं टोक स्लेव्ह) बंद होऊन टर्मिनल गेलं असेल तर पाथच्या शेवटी रिकामी जागा आणि कंसात डिलीटेड. ही शेपटी नावातच येऊन बसते.

जोडतार

डिलीटेडचा मुद्दा मान्य. पण मग लॉगमध्ये दोन्ही लिहा ना! खात्री झालेलं नाव एका रकान्यात, न तपासलेला पाथ दुसऱ्यात. माहिती फेकून का द्यायची?

गाभारा

रकान्याचं नावच "न तपासलेला पाथ" असेल तर माझी काहीच हरकत नाही.

शून्यापासून

नावापर्यंत पोचल्यावर पुढे काय बिघडतं ते लिहितो, कारण या बाबतीत टीटीवायनेम फसवं आहे. ते स्टॅटिक बफरचा पॉइंटर देतं. एकाच प्रिंटएफमध्ये टीटीवायनेम(०) आणि टीटीवायनेम(२) दोन्ही दिलेत आणि दोन एफडी वेगळ्या टर्मिनलच्या असल्या, तरी दोन्ही जागी एकच नाव छापलं जाईल. दुसऱ्या कॉलने पहिल्याची स्ट्रिंग पुसलेली असते. दोन थ्रेड असतील तर त्याहून वाईट, अर्धं एकाचं आणि अर्धं दुसऱ्याचं.

म्हणून टीटीवायनेम_आर वापरा: एफडी, स्वतःचा बफर, त्याची लांबी. पण इथे परत येणाऱ्या किमतीकडे नीट बघा. यश असेल तर ०, नाहीतर एररचा क्रमांक थेट परत मिळतो. उणे १ येत नाही. "== -१" अशी तपासणी लिहिली तर ती कधीच खरी होत नाही आणि रिकामा बफर पुढे जातो. पीएररही इथे कामाचं नाही, कारण एरनोमध्ये तो क्रमांक असेलच याची हमी नाही. परत आलेली किंमत स्ट्रएररला द्या.

बफर किती? सिसकॉन्फला _एससी_टीटीवाय_नेम_मॅक्स विचारलं तर जीलिबसी ३२ सांगतं. पोसिक्सने ठरवलेली किमान मर्यादा फक्त ९ आहे आणि /डेव्ह/पीटीएस/३ एवढंच शून्य बाइटसकट ११ होतं, तेव्हा त्या ९ वर विसंबू नका. १० बाइटपेक्षा लहान बफर दिला तर जीलिबसी काहीही न शोधता ईरेंज (बफर अपुरा) परत करतं. मी १२८ सुचवेन. स्टॅकवर तेवढी जागा कुणाला जड नाही.

निरंक

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. स्टँडर्ड इनपुट पाइपला असेल तर ० नंतर २ आणि शेवटी १ असा क्रम ठेवा. आउटपुट बऱ्याचदा फाइलकडे किंवा लेसकडे वळवलेलं असतं, एरर सहसा टर्मिनलवरच राहतो.

पण तिन्ही वळवलेले असतील तर? इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत: "ही एफडी कोणत्या टर्मिनलची" आणि "या प्रोसेसचं कंट्रोलिंग टर्मिनल (तिचं सेशन ज्याला बांधलेलं आहे ते) कोणतं". उत्तरं वेगळी असू शकतात. पीटीएस/३ वर बसून कमांडचं इनपुट /डेव्ह/पीटीएस/५ वरून घेतलं तर एफडी ० सांगेल ५ आणि कंट्रोलिंग टर्मिनल राहील ३. "कोणत्या टर्मिनलवरून चालवली" या तुमच्या प्रश्नाला खरं तर दुसरं उत्तर हवं आहे.

त्यासाठी बरेच जण /डेव्ह/टीटीवाय उघडून त्यावर टीटीवायनेम करतात. उत्तर येतं /डेव्ह/टीटीवाय. बरोबरच आहे, कारण ५:० (मेजर ५, मायनर ०) हे स्वतंत्र डिव्हाइस आहे, त्याचा पाथ सापडतो आणि जुळतोही. जीलिबसीचं सीटर्मआयडी तर काही न शोधता हीच स्ट्रिंग परत देतं.

खरा क्रमांक /प्रॉक/सेल्फ/स्टॅट मधल्या सातव्या रकान्यात असतो. तो वाचताना एक खबरदारी: दुसरा रकाना प्रोग्रॅमचं नाव, कंसात. त्या नावातच रिकामी जागा किंवा कंस असू शकतो. म्हणून ओळीतला शेवटचा बंद कंस शोधा आणि तिथून पुढे पाचवा रकाना घ्या. ३४८१९ आला तर: मेजर बिट ८ ते १५ मध्ये, म्हणजे १३६, आणि मायनर ३. म्हणजे पीटीएस/३. मायनर २५५ च्या पुढे गेला की वरचा भाग बिट २० ते ३१ मध्ये जातो. पीटीएस/३०० साठी आकडा १०८३४३६ येतो. नुसतं २५६ ने भागून बाकी काढणाऱ्या कोडला तिथे पीटीएस/४४ दिसेल. आणि ० आला तर कंट्रोलिंग टर्मिनलच नाही. क्रॉनमधून किंवा नवं सेशन सुरू करणाऱ्या सेटएसआयडीने सुटलेल्या प्रोसेसचं असंच असतं.

पाऊलवाट

इथेच विचारते, नवा धागा काढत नाही. जीपीजी या एनक्रिप्शनच्या प्रोग्रॅमने डिजिटल सही करताना "इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस" येतं. हे याच कुळातलं का?

अर्धविराम

@पाऊलवाट, हो, तो ईनॉटीटीवायचाच मजकूर आहे. पासफ्रेज विचारणारा पिनएंट्री हा प्रोग्रॅम जीपीजी एजंटच्या हाताखाली चालतो. एजंट मागे वेगळा चालत असतो, तुमचं टर्मिनल कुठलं हे त्याला सांगावं लागतं. बॅशआरसी मध्ये जीपीजी_टीटीवाय या व्हेरिएबलला टीटीवाय कमांडचं उत्तर द्या आणि एक्सपोर्ट करा. ते उत्तर शेल सुरू होताना काढलेलं असतं, त्यामुळे टीमक्सच्या (एका टर्मिनलमध्ये अनेक पेन देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नव्या पेनमध्ये नवा शेल नवं नाव काढतो आणि सगळं जुळतं. प्रोफाइलमध्ये एकदाच लिहून ठेवलं तर जुनं नाव चिकटून राहतं.

पाऊलवाट

चाललं! धन्यवाद अर्धविराम.

अर्धविराम

वा! टीटीवाय कमांडचा विषय निघालाच आहे तर: जीएनयूची टीटीवाय कमांड नाव मिळालं नाही की "नॉट ए टीटीवाय" छापते. टीटीवाय -एस मात्र फक्त इजएटीटीवाय बघते. कळफलकसारख्या परिस्थितीत पहिली नाही म्हणते आणि दुसरी हो. स्क्रिप्टमध्ये नुसतं "टर्मिनल आहे का" एवढंच हवं असेल तर -एस वापरा.

आणि हातातली एफडी मास्टर बाजूची असेल, म्हणजे पोसिक्स_ओपनपीटी मधून आलेली, तर टीटीवायनेम उपयोगी नाही. इजएटीटीवाय तिलाही १ देतं, पण नाव येतं पीटीएमएक्सचं. स्लेव्हचं नाव हवं तर ग्रँटपीटी, अनलॉकपीटी आणि मग पीटीएसनेम. तेही स्टॅटिक बफरवालं, म्हणून पीटीएसनेम_आर बरं. हेडर जोडण्याआधी योग्य फीचर मॅक्रो द्यायला विसरू नका (पीटीएसनेमला _एक्सओपन_सोर्स, पीटीएसनेम_आरला _जीएनयू_सोर्स). तो नसला तर फंक्शनचं डिक्लेरेशन दिसत नाही, जुना कंपायलर परत येणारी किंमत इंट धरतो, ६४ बिटचा पॉइंटर ३२ बिटला कापला जातो आणि प्रोग्रॅम पीटीएसनेमनंतरच्या ओळीवर कोसळतो. जीसीसी १४ पासून हा सरळ एररच केलाय, फार चांगलं झालं.

गाभारा

मास्टरसाठी आणखी एक: लिनक्स ४.१३ पासून टीआयओसीजीपीटीपीअर हा आयऑक्टल (डिव्हाइसला खास आज्ञा देणारा कॉल) आहे. मास्टर एफडीवर तो केला की स्लेव्हची उघडलेली एफडी थेट मिळते. मध्ये नावच नाही, त्यामुळे नेमस्पेसचा घोळही नाही. स्यूडो टर्मिनल वाटून देणारा कोड लिहीत असाल तर हाच मार्ग घ्या.

जोडतार

अवांतर, पण सिरीयल पोर्टवाल्यांसाठी. /डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी मधल्या लांब नावाने पोर्ट उघडला तरी टीटीवायनेम /डेव्ह/टीटीवाययूएसबी० असंच देतं. लिंक ओपनच्या वेळीच सुटलेली असते. कॉन्फिगमध्ये हे छोटं नाव जतन करू नका. केबल काढून पुन्हा लावली आणि जुन्या प्रोसेसने एफडी धरून ठेवली असेल, तर तोच बोर्ड टीटीवाययूएसबी१ म्हणून येतो. जतन करायचं ते बाय-आयडीचं नाव.

शून्यापासून

स्यूडो टर्मिनललाही हे तितकंच लागू आहे. पीटीएसचे क्रमांक परत वापरले जातात. एक टर्मिनल बंद झालं की पुढच्या लॉगिनला तोच ३ मिळू शकतो. नाव साठवून ठेवून तासाभराने त्यावर लिहिणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच वापरकर्त्याच्या स्क्रीनवर लिहील. लॉगमध्ये नावाबरोबर सेशन आयडी आणि वेळ हवीच.

टर्मिनल गेल्यावर तीच एफडी तपासली तर इजएटीटीवाय ० देतं, पण एरनो ईआयओ असतो. म्हणजे "हे टर्मिनल होतं, आता लाइन तुटली". त्याला ईनॉटीटीवायच्या खात्यात टाकू नका.

निरंक

अल्पाइन लिनक्सवर चालवणार असाल तर: तिथल्या मसल या सी लायब्ररीचं टीटीवायनेम_आर फक्त /प्रॉकची लिंक वाचतं, पाथवर स्टॅट करून एसटी_डेव्ह आणि एसटी_आयनो जुळवतं, नाही जुळलं तर ईनोडेव्ह. डिरेक्टऱ्या चाळत नाही. सीएचरूटमध्ये /प्रॉक माउंट नसेल तर जीलिबसी /डेव्ह चाळून नाव काढू शकेल, मसल नाही काढणार. मॅकवर /प्रॉक नाहीच, तिथे नावं /डेव्ह/टीटीवायएस००३ अशी येतात. तेव्हा "पीटीएस" शोधणारी स्ट्रिंग तुलना कोडमध्ये कुठेही नको.

अर्धविराम

इतिहासाची हौस असणाऱ्यांसाठी: सहाव्या युनिक्समध्ये, १९७५ साली, याच कामाला टीटीवायएन नावाचं फंक्शन होतं. ते टर्मिनलच्या नावातलं फक्त शेवटचं अक्षर द्यायचं आणि टर्मिनल नसेल तर "एक्स". टीटीवायनेम सातव्या युनिक्समध्ये, १९७९ साली आलं. तेव्हा एका मशीनला एकच /डेव्ह असायची, नाव एकदा मिळालं की ते सगळ्यांसाठी तेच.

कळफलक

सगळ्यांचे मनापासून आभार. आता रचना अशी करतोय: ०, २, १ या क्रमाने इजएटीटीवाय, पहिली होकार देणारी एफडी घ्यायची. १२८ बाइटच्या बफरने टीटीवायनेम_आर. ० आला तर नाव. ईनोडेव्ह आला तर नावाच्या रकान्यात डॅश, शेजारी एफस्टॅटमधून एसटी_डेव्ह आणि एसटी_आरडेव्ह, आणि जोडतार म्हणतात तसा न तपासलेला पाथ. कंट्रोलिंग टर्मिनलचा क्रमांक वेगळ्या रकान्यात.

एकच राहिलं. युटिलिटीला कधीकधी त्याच टर्मिनलवर नॉनब्लॉकिंग वाचायचं असतं. डुप केलेल्या (नक्कल काढलेल्या) एफडीवर ओ_नॉनब्लॉक लावला तर शेलच्या एफडीलाही तो लागतो. म्हणून नावाने पुन्हा उघडत होतो. नावच नसेल तर?

गाभारा

/प्रॉक/सेल्फ/एफडी/० हाच पाथ ओपनला द्या. रीडलिंक करून आलेली स्ट्रिंग देऊ नका, हाच द्या. कर्नल ती स्ट्रिंग पुन्हा शोधत बसत नाही, लिंकमधून थेट त्याच आयनोडवर जातो. त्यामुळे दुसऱ्या माउंट नेमस्पेसमधूनही तेच टर्मिनल उघडतं आणि नवं ओपन असल्यामुळे फ्लॅग स्वतंत्र राहतात. ओ_नॉक्टीटीवाय जोडा, नाहीतर कंट्रोलिंग टर्मिनल नसलेल्या सेशन लीडरला ते नकळत चिकटेल.

परवानगी मात्र नव्याने तपासली जाते. डिव्हाइस सहसा वापरकर्त्याच्या मालकीचं, गट टीटीवाय, मोड ६२०. एसयू करून दुसरा वापरकर्ता झालात तर हातातली एफडी चालत राहते, नावही मिळतं, पण ओपनला ईअ‍ॅक्सेस येतो.

निरंक

आणि कंटेनरमध्ये खरंच नावाचं टर्मिनल हवं असेल, तर आत शिरल्यावर स्क्रिप्ट ही कमांड (स्क्रिप्ट -क्यू /डेव्ह/नल) चालवा. ती कंटेनरच्या पीटीएमएक्समधून नवी जोडी घेते आणि त्या शेलमध्ये टीटीवायनेम नीट उत्तर देतं. आत /डेव्ह/पीटीएमएक्स ही पीटीएस/पीटीएमएक्सची सिमलिंक किंवा बाइंड माउंट आहे ना, तेवढं आधी बघून घ्या.

कळफलक

सिमलिंक आहे. स्क्रिप्टच्या शेलमध्ये /डेव्ह/पीटीएस/० आलं, आणि /प्रॉकवाल्या ओपनने नॉनब्लॉकिंगही वेगळं झालं. एसयूनंतरचा ईअ‍ॅक्सेस आता हाताळतो: तिथे नवी एफडी न उघडता पोल करून जुन्या एफडीवरूनच वाचेन.